डॉक्टर नॉकचे गाव

सबंध गाव आजारी पडायला साथच यावी लागते असे नाही. ज्यूल रोमँ यांच्या १९२३ सालच्या ‘नॉक’ या फ्रेंच नाटकात ते काम एक डॉक्टरच करतो.

सँ-मोरीस हे डोंगराळ मुलखातले गाव. माणसे धडधाकट, दवाखान्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. नॉक येतो नि दवंडी पिटवतो : सोमवारी, बाजाराच्या दिवशी, फुकट तपासणी! शाळामास्तरांना तो जंतूंवर व्याख्याने द्यायला सांगतो. मास्तर बिचारे स्वतःच धास्तावतात. तीन महिन्यांत हॉटेलाचे रुग्णालय होते. अखेर जुन्या डॉक्टरलाही स्वतःच्या प्रकृतीचा घोर लागतो!

हसता हसता काटा येतो तो इथे. वैद्यकविद्या खोटी नव्हे. पण भीतीचा व्यापारी ओळखावा. शिक्षकांनी तर दवंडीमागचा हिशेब आधी विचारावा.