हान्सने काय वाचलं?
बर्लिनमधले निवृत्त शिक्षक विल्हेल्म फॉन ऑस्टन यांचा घोडा हान्स खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०४मध्ये तज्ज्ञांच्या समितीलाही त्यात लबाडी आढळली नाही. उलगडा केला मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुकायचा. ठोके बरोबर आकड्यावर पोचले, की खुराकडे वाकून पाहणाऱ्या माणसाचं डोकं नकळत किंचित वर उचललं जाई. हान्स तिथेच थांबे. आकडेमोडीपेक्षा हान्सची ही नजर मला कितीतरी विलक्षण वाटते. कारण हे गुपित कळल्यावरही खुद्द फुंग्स्ट यांना स्वतःची ती हालचाल पुरती आवरता येत नव्हती.