एफ-वन दाबून उत्तर कोणाला मिळालं?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडच्या कचेऱ्यांत संगणक येऊ लागले, तेव्हा सॉफ्टवेअर खोक्यात मिळायचं. आत फ्लॉप्या आणि एक जाडजूड इंग्रजी मॅन्युअल. हा खोका फार थोड्यांनी पाहिला. बहुतेकांच्या हाती यायच्या त्या नकललेल्या फ्लॉप्या, आणि मॅन्युअलची नक्कल करण्याच्या भानगडीत कोण पडणार? मग झेरॉक्सची दहा-बारा पानं आणि ‘जाणकार’ सहकारी, एवढ्यावर काम चालायचं.

तरी त्या काळातल्या काही प्रोग्रॅमना शिकणाऱ्याची जाण होती. १९७८ साली बाजारात आलेल्या वर्डस्टारमध्ये कोणती कळ काय करते, याची यादी पडद्याच्या वरच्या भागातच दिसायची. पुढच्या आवृत्त्यांत हात बसला की ती टप्प्याटप्प्याने कमी करायची सोयही होती. मागितली तेवढी मदत, नको तेव्हा गप्प. पुढे ऑफिस ९७ मध्ये डोळे मिचकावणारी कागदाची पिन आली. पत्र लिहायला बसलं की ही मध्येच टपकायची. लोक इतके वैतागले की २००१च्या आवृत्तीत तिला आपणहून उगवायची मनाई झाली आणि २००७च्या आवृत्तीतून ती गेलीच.

लोक मॅन्युअल का वाचत नाहीत, याचा पद्धतशीर शोध ऐंशीच्या दशकात आयबीएमच्या संशोधन केंद्रात जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. माणसाला प्रोग्रॅम शिकायचा नसतो, त्याला पत्र छापायचं असतं. तो पानं उलटत बसत नाही, थेट कळा दाबतो, चुकतो आणि तिथेच अडकतो. म्हणून त्यांनी पुस्तिका छाटून बारीक केली. प्रस्तावना काढली, पहिल्या पानापासून खरं काम दिलं आणि चूक झाली तर परत कसं यायचं ते ठिकठिकाणी सांगितलं. शिकणारे लवकर तयार झाले. हे सगळं १९९०च्या ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ या पुस्तकात आहे. आजही बहुतांश पुस्तिका मेनूच्या क्रमाने लिहिल्या जातात: आधी फाइल, मग एडिट, मग व्ह्यू. कॅरल यांच्या पुस्तकाला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, यावर विश्वास बसत नाही.

महाराष्ट्रात खरं शिक्षण झालं ते गल्लोगल्लीच्या क्लासात. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या क्लासात एफ-फोर कॉन्ट्रा, एफ-फाइव्ह पेमेंट, एफ-सिक्स रिसीट, एफ-सेव्हन जर्नल, एफ-एट सेल्स, एफ-नाइन पर्चेस हे पाढ्यांसारखं घोकून घेत. मुलं ते वहीत उतरवत आणि तीच वही पुढे नोकरीच्या जागी टेबलाच्या खणात जाई. अशा वह्या नीट पाहिल्या तर कळतं की उत्तम मॅन्युअल कसं असतं. ‘महिनाअखेर’ असं शीर्षक, खाली सात-आठ पायऱ्या आणि एका पायरीपुढे लाल शाईत ‘आधी बॅकअप घे!’ २०२०मध्ये टॅलीप्राइम आलं. रोजच्या कळा तशाच राहिल्या, पण क्रेडिट नोट कंट्रोल-एफ-एटवरून ऑल्ट-एफ-सिक्सवर गेली. त्या दिवशी वहीत खाडाखोड झाली. वही अद्ययावत करायला तिची मालकीण हजर होती, हेच वहीचं बळ.

२००१पासून एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यात पोचला. माऊसला हात लावायला बिचकणारी माणसं मराठीतून शिकली, हे त्याचं श्रेय निर्विवाद आहे. पण तिथे शिकवलं ते वर्ड आणि एक्सेल. कचेरीत बसल्यावर समोर यायची ती खात्याची स्वतःची प्रणाली, आणि तिचं प्रशिक्षण म्हणजे बहुतेकदा जिल्ह्याच्या सभागृहात एका दिवसाचं सादरीकरण. चहा, पीपीटी, हजेरीपटावर सही.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने वेगळी वाट धरली. साधारण दहा मिनिटांचा धडा. पडद्यावर इंग्रजी प्रोग्रॅमच चालतो, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. शिकणाऱ्याने एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष प्रोग्रॅम उघडून बरोबरीने करत जायचं. धड्याची संहिता आधी लिहून एखाद्या नवख्याकडून तपासून घेतात. त्याला जमलं नाही तर संहिता दुरुस्त होते. आपल्याकडे इतकी साधी शिस्त दुसऱ्या कोणी पाळल्याचं फारसं दिसत नाही.

आता कचेऱ्यांत आणि शाळांत व्हॉट्सअॅपवर लाल बाण काढलेले स्क्रीनशॉट फिरतात. शिक्षकांच्या पगाराची ‘शालार्थ’ प्रणाली असो की जमिनीच्या नोंदींची ‘ई-फेरफार’, अडलेला माणूस यूट्यूबवर जातो. कुणी तलाठी, कुणी शिक्षक आपल्या वेळात व्हिडिओ करून टाकतो आणि शेकडो जणांचं काम भागतं. अडचण एवढीच की प्रणालीत बटण हललं की व्हिडिओ खोटा पडतो, आणि पंधरा मिनिटांच्या चित्रफितीत नेमकी आपली अडचण शोधणं जिकिरीचं असतं. लिहिलेली, शोधता येणारी, तारीख घातलेली मराठी पुस्तिका याला पर्याय आहे. पण ती फुकटात होत नाही.

म्हणून खात्यांना आणि सहकारी बँकांना एक विनंती. पुढची सॉफ्टवेअरची निविदा काढाल तेव्हा ‘प्रशिक्षणाचे दिवस’ मोजून थांबू नका. प्रत्येक आवृत्तीबरोबर मराठी पुस्तिका दुरुस्त करून देण्याची अट घाला, तिच्यासाठी वेगळी रक्कम ठेवा आणि ती पुस्तिका टेबलावरच्या कारकुनाकडून तपासून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.