कंबरदुखी, चिनी सुया आणि आपले दोन जिल्हे

रोवणीचे दिवस आले की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत कंबर धरून चालणाऱ्या बाया दिसतात. दिवसभर चिखलात वाकून परे लावायचे, उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपाने तोडून पुडे बांधायचे. पुरुषांच्या पाठीवर धानाची पोती. त्यामुळे पाठीच्या मधल्या भागापासून माकडहाडापर्यंतच्या दुखण्याला इथे कोणी आजार म्हणतच नाही. गोळी घ्यायची आणि कामाला लागायचे.

आता गावातले लोक ॲक्युपंक्चर आणि कपिंगबद्दल विचारू लागले आहेत. मजुरी बुडवून, बसभाडे खर्चून सुया टोचून घ्यायला जावे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे सरळ उत्तर द्यायला हवे.

चिनी वैद्यकाची मांडणी अशी, की शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती ठरावीक वाहिन्यांतून वाहते आणि ती अडली की दुखते. यातली मूत्राशयाची वाहिनी डोक्यावरून पाठीच्या दोन्ही बाजूंनी उतरून पायाच्या करंगळीपर्यंत जाते. म्हणूनच कंबर दुखत असताना सुई गुडघ्यामागच्या खळगीतही टोचतात. जुनाट कंबरदुखीला ते 'मूत्रपिंडाची दुर्बलता' म्हणतात. हे ऐकून किडनी गेली म्हणून घाबरू नये. रक्त-लघवीच्या तपासणीत दिसणाऱ्या किडनीच्या आजाराशी या शब्दाचा संबंध नाही. कपिंग तर आपल्याला नवे नाहीच. वैदू लोक तुंबडी लावत, तोच हा प्रकार, फक्त आता काचेचे किंवा प्लास्टिकचे पेले आले.

भारतात ही विद्या आणण्याचे श्रेय डॉ. बिजयकुमार बसू यांना दिले जाते. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासोबत तेही होते. सुयांचे तंत्र त्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन शिकून घेतले. पुढे महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार उपचार करणाऱ्याची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

फायदा होतो का? जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. खऱ्या सुयांनी सुमारे ४८ टक्के लोकांना चांगला आराम पडला, नेहमीच्या उपचारांनी २७ टक्क्यांना. पण गंमत पुढे आहे. वाहिन्या सोडून भलत्याच जागी वरवर टोचलेल्या 'खोट्या' सुयांनीही ४४ टक्क्यांना आराम पडला! म्हणजे आराम खरा, पण तो वाहिन्यांमुळे मिळतो हे काही सिद्ध होत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये व्यायाम, मालिश यांच्या जोडीला सुयांचाही विचार करता येईल असे म्हटले. कंबरपट्ट्याला मात्र नाही म्हटले. माझे मत विचाराल तर परवडत असेल, नोंदणीकृत माणूस जवळ असेल, तर काही बैठका घेऊन बघायला हरकत नाही. कर्ज काढून मुळीच नको.

सुई सीलबंद आणि एकदाच वापरायची असावी, नाहीतर कावीळ-बीचा धोका. पाठीच्या मधल्या भागात खोल गेलेली सुई फुप्फुसाला छिद्र पाडू शकते. आणि चिनी जडीबुटीच्या पुड्या घेऊच नका. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती मिसळली गेली आणि शंभराहून अधिक जणांच्या, बहुतेक बायांच्या, किडन्या खरोखर निकामी झाल्या.

पण आपल्या भागात सुईआधी दुसराच प्रश्न विचारायला हवा: हे दुखणे नक्की कशाचे? विदर्भात सिकलसेल आदिवासींमध्ये आणि आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या झटक्यात पाठ, कंबर, मांड्यांची हाडे असह्य दुखतात. उन्हात पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला की झटका येतो. तरुण पोरगा किंवा पोरगी वारंवार अशी कळवळत असेल तर तिला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, सिकलसेलची तपासणी करून घ्या. झटका आलेला असताना सुया आणि पेले यांत वेळ घालवणे धोक्याचे आहे.

दुसरा आजार मणक्याचा टीबी. बारीक ताप, वजन घटणे, रात्री वाढणारे दुखणे, मणक्यावर उंचवटा. खोकला नसला तरी टीबी असू शकतो. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, उशीर झाला तर पाय लुळे पडू शकतात. पायातली ताकद गेली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, किंवा झाडावरून पडल्यावर दुखू लागले, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठावे.

गडचिरोलीजवळ शोधग्राम येथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या दवाखान्यात मुंबईचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी पाठीच्या रुग्णांना तपासायला, गरज असेल तर शस्त्रक्रिया करायला येत आले आहेत. शिबिराची तारीख आधी विचारून मगच निघावे. जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, रिकामी झालेलीसुद्धा.