ताऱ्याची ऊर्जा पृथ्वीवर : लेखांक ६ – पंधरा कोटी अंशांसमोरची भिंत

वाशिमला लागूनच हिंगोली जिल्हा आहे. तिथे औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. तिच्या लेझर किरणांसाठीच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांमध्ये जवळजवळ संपूर्ण निर्वात स्थिती राखावी लागेल आणि ही निर्वात यंत्रणा गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे सोपवली आहे. याच संस्थेत १९८९ मध्ये 'आदित्य' हा भारतीय बनावटीचा टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) चुंबकीय क्षेत्रात कोंडणारे संलयनयंत्र, सुरू झाला. दोन्ही कामांत एक अडचण समान आहे. पोलादाच्या नळीतून झिरपणारा हायड्रोजन लेझरच्या वाटेत आडवा येतो, तर टोकामॅकमध्ये भिंतीतून सुटलेले अणू प्लाझ्मा विझवतात.

संलयनाची, म्हणजे हलकी अणुकेंद्रे जोडून ऊर्जा मिळवण्याची, चर्चा बहुधा तापमानाभोवती फिरते. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या 'इटर' प्रकल्पात प्लाझ्मा सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आहे. चुंबकीय क्षेत्र त्याला भिंतीपासून दूर धरते, पण पूर्णपणे नाही. कडेने निसटणारे कण आणि त्यांची उष्णता शेवटी कुठेतरी आदळतेच. ती झेलण्यासाठी तळाशी 'डायव्हर्टर' नावाचा भाग असतो. इटरमध्ये त्याचे ५४ खंड आहेत. त्यांच्या सर्वाधिक तापणाऱ्या पट्ट्यांवर दर चौरस मीटरला १० मेगावॅट उष्णता सतत पडेल, काही क्षण २० मेगावॅटसुद्धा.

तिथे कोणता पदार्थ लावायचा?

सुरुवातीच्या काळात बहुतेकांची पसंती कार्बनला होती. 'आदित्य'मध्येही ग्रॅफाइटच्या फरश्या वापरल्या गेल्या. कार्बन वितळत नाही, आणि त्याचे थोडे अणू प्लाझ्मात शिरले तरी फारसे बिघडत नाही. मात्र हायड्रोजनशी त्याची रासायनिक जवळीक आहे. इंग्लंडच्या 'जेट' यंत्रात १९९७ साली ट्रिटियम (हायड्रोजनचाच एक प्रकार) वापरून प्रयोग झाले, तेव्हा या किरणोत्सारी इंधनाचा बराच वाटा झिजलेल्या कार्बनच्या थरांत अडकून बसला. अणुभट्टीत असे इंधन साठत जाणे सुरक्षेलाही परवडत नाही आणि खर्चालाही. म्हणून २०११ मध्ये 'जेट'मध्ये बेरिलियम आणि टंगस्टनची भिंत आली.

टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतो, म्हणजे सर्व धातूंत सर्वांत शेवटी. तो हळू झिजतो आणि ट्रिटियम कमी धरून ठेवतो. विदर्भाला तो अनोळखी नाही. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना पट्ट्यात त्याची खनिजे आढळली आहेत.

या गुणांची किंमतही मोठी आहे. टंगस्टनच्या अणूत ७४ इलेक्ट्रॉन असतात. प्लाझ्माच्या गाभ्यातही ते सगळे सुटत नाहीत. उरलेले इलेक्ट्रॉन सतत प्रकाश आणि क्ष-किरण बाहेर टाकतात व प्लाझ्माची उष्णता पळवतात. त्यामुळे लाखात मोजके अणू मिसळले तरी प्लाझ्मा थंडावतो. शिवाय संलयनातून तयार झालेले हेलियमचे कण तापलेल्या टंगस्टनमध्ये घुसून बुडबुडे करतात, आणि ठरावीक तापमानात पृष्ठभागावर लोकरीसारखी सूक्ष्म तंतूंची लव उगवते. संलयनातूनच सुटणारे १४ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रॉन स्फटिकरचना मोडतात, काही अणूंचे रेनियममध्ये रूपांतर करतात आणि मुळातच ठिसूळ असलेला धातू आणखी ठिसूळ होतो.

तरीही कल टंगस्टनकडेच आहे. इटरच्या डायव्हर्टरसाठी तो ठरला होताच. २०२३ मध्ये मुख्य भिंतीचे बेरिलियम वगळून तिथेही टंगस्टन लावायचे ठरले. विषारी बेरिलियमपासून त्यामुळे सुटका होईल, पण प्लाझ्मा शुद्ध ठेवण्यासाठी भिंतीवर बोरॉनचा पातळ थर द्यावा लागेल. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी फ्रान्समधल्या 'वेस्ट' या यंत्राने टंगस्टनच्या भिंतीतच १,३३७ सेकंद, म्हणजे २२ मिनिटांहून अधिक काळ प्लाझ्मा टिकवून दाखवला. वीजकेंद्राला मात्र अशा भिंतीकडून वर्षानुवर्षांची सेवा हवी आणि तीही न्यूट्रॉनांच्या अखंड माऱ्यात. 'वेस्ट'मध्ये तो मारा नव्हता. संलयनाची वीज घरात केव्हा पोहोचेल याचे उत्तर प्लाझ्मा भौतिकीइतकेच धातुशास्त्राच्या हाती आहे.

(पुढील लेखांकात : याच भिंतीमागे लिथियमपासून ट्रिटियम कसे तयार करतात?)