थोड्या अक्षरांचें मोठें ओझें

एखादें कार्यालय बंद पाडावयाचें तर तेथें दरोडाच घालावा लागतो असें नाहीं. टपालानें आलेल्या प्रत्येक पत्रांतील सूचना शब्दशः पाळणारा आज्ञाधारक कारकून तेथें असला, म्हणजे एका पत्रानेंही तें काम होतें. संगणकावरील आज्ञावल्यांची गोष्ट पुष्कळ अंशीं अशीच आहे. बाहेरून कोणीही धाडलेला मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणें हें त्यांचें रोजचें काम. आणि त्या वाचनांतच कधीं कधीं घात होतो.

मजकूर लिहिण्याची एक्सएमएल नांवाची एक पद्धति आहे. तींत एखाद्या लांब वाक्याला छोटें नांव देऊन पुढें केवळ त्या नांवानें काम भागवितां येतें. सोय उत्तम; परंतु एका नांवाच्या अर्थांत दुसरीं नांवेंही घालतां येतात. आतां अशी कल्पना करा : पहिल्या नांवाचा अर्थ तीन रोमन अक्षरांचा एक शब्द. दुसऱ्याचा अर्थ पहिलें नांव दहा वेळां, तिसऱ्याचा अर्थ दुसरें नांव दहा वेळां. असें नऊ वेळां वाढवीत नेलें, कीं शेवटच्या एका नांवाचा अर्थ होतो तोच शब्द १०० कोटी वेळां! मूळ पत्र जेमतेम हजार अक्षरांचें. पण कारकून तें उलगडून लिहूं लागला, कीं ३०० कोटी अक्षरांखालीं त्याची सारी जागा संपते. तो शब्द इंग्रजींत हसण्याचा द्योतक असल्यामुळें या युक्तीस ‘अब्ज हास्यें’ अशा अर्थाचें नांव पडलें आहे.

दुष्ट हेतु असावाच लागतो, असेंही नाहीं. २० जुलै २०१६ रोजीं स्टॅक ओव्हरफ्लो हें आज्ञावलीकारांचें प्रश्नोत्तरांचें संकेतस्थळ ३४ मिनिटें बंद पडलें. कारण काय, तर एका लेखांत ओळीनें सुमारें २०,००० रिकाम्या जागा होत्या. मजकुराच्या आरंभींच्या व अखेरच्या रिकाम्या जागा कापून टाकाव्या, एवढाच साधा नियम तेथें होता. यंत्रानें पहिल्या जागेपासून मोजीत शेवट गांठला. पण तेथें ओळ संपत नव्हती, दुसरें अक्षर होतें. म्हणून तें दुसऱ्या जागेपासून पुन्हां मोजूं लागलें, मग तिसऱ्या. २०,००० अधिक १९,९९९ अधिक १९,९९८ अशी ही बेरीज सुमारें २० कोटींवर जाते. तो लेख मुखपृष्ठावर आला, आणि मुखपृष्ठ उघडतें कीं नाहीं यावरून यंत्रांची प्रकृति तपासणाऱ्या व्यवस्थेनें सगळींच यंत्रें निकामी ठरविलीं.

या प्रकारांत कांहीं चोरीस जात नाहीं. पण रांगेंत उभ्या असलेल्या इतर सर्वांचें काम अडतें. आणि तें काम रुग्णालयाचें किंवा पेढीचें असेल, तर ही अडवणूक चोरीहून हलकी मानतां येत नाहीं.

उपाय अवघड नाहींत. मजकूर किती लांब घ्यावा, त्यांत एकांत एक किती गुंतवूं द्यावें, उलगडतांना तो किती वाढूं द्यावा, आणि त्यावर किती वेळ खर्चावा, या मर्यादा आधींच आंखाव्या. मर्यादा ओलांडली, कीं तें पत्र तसेंच परत करावें. शक्य तेथें ज्या रीतीचे श्रम अक्षरांच्या प्रमाणांतच वाढतात, तीच वाचनाची रीत निवडावी. पत्राच्या वजनावरून त्यास लागणाऱ्या श्रमांचा अंदाज बांधूं नये, एवढें आज्ञावली लिहिणाऱ्यानें ध्यानांत ठेविलें, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.