बिनतारी वाटेवरचा कडुनिंब

बजाजनगरच्या गच्चीवर संध्याकाळी उभे राहिले, की एका बाजूला कारखान्यांची पत्र्याची छपरे दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, घरांच्या रांगा संपल्या, की हिरवी शेते. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने ही वसाहत वाढली. आमच्यापैकी पुष्कळ घरांचे एक पाऊल कारखान्यात, तर दुसरे अजून शेतातच आहे. माझ्या शेजाऱ्यांचेही तसेच. ते स्वतः येथे बंगलीत राहतात. त्यांची ऐंशीच्या घरातली आई मात्र सव्वा किलोमीटरवरच्या मळ्यातले घर सोडायला तयार नाही.

गेल्या वर्षी थंडीत ही आजी रात्री अंगणात घसरून पडली. मोबाईल उशाशी होता. पण घर ओढ्याकाठच्या खोलगट जागेत, वर पत्रे, त्यामुळे त्याला ‘रेंज’ नाही. पहाटे दूध काढायला गडी आला तेव्हा कुठे बातमी कळली. हाड मोडले नाही हे नशीब. त्या दिवशी शेजारी मला म्हणाले, “सर, आपल्या घरचं वायफाय मळ्यापर्यंत नाही का नेता येणार?”

प्राध्यापक म्हटला, की त्याला सर्व विषय कळत असणार, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. मी शिकवतो मराठी! परंतु प्रश्न मनाला लागला, आणि पुढचे दोन महिने मी ज्ञानेश्वरीबरोबर बिनतारी लहरींचाही अभ्यास केला. त्यातले जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो. कारण गोठा, गोदाम, मळा असे दूरचे ठिकाण अनेकांना असते.

पहिली चूक आम्ही चारचौघांसारखीच केली. बाजारातून भला मोठा ‘बूस्टर’ आणून गच्चीवर बसवला. मळ्यात फोनवर वायफायच्या काड्या दिसू लागल्या, आम्ही पेढेही वाटले. पण बोलणे काही होईना! मग कोडे उलगडले. इंटरनेट म्हणजे आकाशवाणी नव्हे. रेडिओ नुसता ऐकतो; येथे फोनला उलट उत्तरही द्यावे लागते. आपण गच्चीवरून कर्णा लावून ओरडलो तर आजीला ऐकू जाईल. तिचा क्षीण आवाज आपल्यापर्यंत कसा यावा? वायफायची रीत तर पोचपावतीच्या टपालासारखी आहे. पाठवलेल्या प्रत्येक पुडक्याची पोच आली नाही, की तेच पुडके पुन्हा पाठवले जाते. पोच येतच नाही आणि गाडे तिथेच अडते.

काहींनी मध्ये ‘रिपीटर’ ठेवण्याचा सल्ला दिला. हे यंत्र ऐकलेले पुन्हा बोलते. घरात मागच्या खोलीसाठी ते ठीक. पण साधा रिपीटर त्याच लहरीवर आधी ऐकणार, मग बोलणार. त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय त्याला मुळात स्पष्ट ऐकू येईल अशा जागी तो ठेवावा लागतो. उघड्या शेतात, कोणाच्या तरी बांधावर, विजेशिवाय तो ठेवायचा कुठे?

खरा उपाय निराळा होता. घरातला राऊटर दिव्यासारखा चहूकडे उजेड पाडतो. अंतर दुप्पट झाले की तो उजेड चौथाई उरतो. त्याऐवजी बॅटरीच्या झोतासारखी लहर एकाच दिशेला सोडणारे आणि त्याच दिशेने कान देणारे यंत्र मिळते. अशी दोन यंत्रे, एक गच्चीवर आणि एक मळ्यात, एकमेकांकडे तोंड करून बसवायची. आजीचा फोन मळ्यातल्या लहानशा राऊटरशी बोलणार, आणि दूरचे बोलणे ही दोन यंत्रे आपसांत करणार. जाळ्याच्या वायरीतूनच त्यांना वीजही देता येते. मात्र ती वायर शंभर मीटरांहून लांब नसावी. यंत्रे, खांब, वायर सगळे मिळून दहा हजारांच्या आत भागले.

या युक्तीला मर्यादा तरी किती? 2007 साली व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली या अभियंत्याने दोन पर्वतशिखरांच्या दरम्यान 382 किलोमीटरांवर वायफाय जोडून दाखवले! एवढ्या अंतरावर पोचपावती यायलाही जास्त वेळ लागतो. म्हणून यंत्रांना अधिक धीर धरायला शिकवावे लागले. आपल्याकडे अशा उघड्यावरच्या वापरासाठी पूर्वी परवाना लागे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला 2005 मध्ये आणि 5 गिगाहर्ट्झच्या मोठ्या भागाला 2018 मध्ये परवानामाफी मिळाली. शक्तीची मर्यादा मात्र पाळावीच लागते. भरमसाट शक्तीचे बूस्टर त्या मर्यादेबाहेर जातात, हे आम्हाला नंतर समजले.

फाल्गुनात जोडणी झाली. आजी पडद्यावर दिसली. पहिला प्रश्न तिने मुलाला विचारला, “वाळलास का रं?” सारे घर हसले आणि जरा रडलेही.

आणि चैत्र उजाडला. दर दिवशी चित्र थोडे अधिक थबकू लागले. आठ-पंधरा दिवसांत बंदच पडले. आम्ही यंत्रे उघडली, वायरी बदलल्या, दुकानदाराशी भांडलो. दोष कुणाचाच नव्हता. मळ्यातल्या घरापुढे जुना कडुनिंब आहे. फाल्गुनात त्याची पाने झडली होती; लहर फांद्यांतून वाट काढीत होती. चैत्रपालवी फुटली आणि इंटरनेट गेले!

पानांत पाणी असते, आणि पाणी ही लहर पिऊन टाकते. स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टी 2.4 गिगाहर्ट्झच्याच आसपासच्या लहरींनी, अन्नातल्या पाण्याच्या जोरावरच तर भाजी गरम करते. आमची यंत्रे 5 गिगाहर्ट्झची. आखूड लहरींना पानांचा अडथळा आणखी जाचतो. मुंबईच्या आयआयटीने पालघर भागात खामलोली आणि आसपासच्या गावांसाठी जो प्रयोग केला, त्यात टीव्हीच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरी वापरल्या, त्याचे मर्म हेच. त्या हातभर लांबीच्या लहरी झाडीतून पुष्कळच बऱ्या जातात. प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या ‘ग्राममार्ग’ या उपक्रमाला 2017 साली मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. पण त्या पट्ट्याला परवाना लागतो. आम्हा गृहस्थांचे ते काम नव्हे.

शिवाय नुसती नजर पोहोचून भागत नाही. लहर दोरीसारखी जात नाही, मध्ये फुगत जाते. सव्वा किलोमीटरच्या वाटेत मध्यभागी तो फुगवटा चहूबाजूंनी चार मीटरांचा होतो. त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा.

“मग झाड उतरवू,” शेजारी म्हणाले. आजीने ऐकले मात्र! “ते म्या लावलंय. तुझ्या बापाच्या आधी त्याची सावली हाय घरावर. तुमचं ते वायरलेस दुसऱ्या वाटंनं जाऊ द्या.”

आणि खरेच दुसरी वाट होती! झाडाच्या अलीकडे विहीर, विहिरीवर मोटारीची खोली. तिच्यावर खांब रोवला, तर गच्ची थेट दिसते. तेथून घर अवघे साठ मीटर. वायर नळीत घालून जमिनीतून नेली. वीज घरातून दिली आणि भारनियमनासाठी लहान बॅटरी ठेवली. मराठवाड्यात वळवाच्या विजा भयंकर, म्हणून खांबाला अर्थिंग केले आणि गडगडाट सुरू होताच वायर काढून ठेवायची, असे ठरले. वाचकांनीही ही खबरदारी घ्यावी. पासवर्डही पक्का ठेवावा, कारण आपल्या जोडणीवरून कोणी काही केले तर पोलीस आधी आपल्याच दारी येतात.

भर पावसाळ्यातही वाट बंद पडली नाही. आजीच्या फोनवरून वायफायवरच साधा कॉलही लागतो. उशाशी तो आता शोभेचा नाही.

यंदाच्या गुढीपाडव्याला शेजाऱ्यांकडे गेलो, तर आजी पडद्यावर. फोन तिने झाडाकडे वळवला होता. कडुनिंब मोहरला होता. “पाला घ्यायला येतोस का, का हितूनच दाखवू?” ती मुलाला विचारत होती.

शेजारी उठले, चपला घातल्या आणि मळ्याकडे निघाले.