सिस्टरची वही आणि आपलं कार्ड

उपकेंद्रात गेलं की सिस्टर मान खाली घालून लिहीतच असतात, आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत, अशी तक्रार गटाच्या बैठकीत नेहमी निघते. तक्रार खोटी नाही. पण त्या काय लिहितात आणि कशासाठी, ते आज बघू या.

सपाटीवर साधारण ५००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३००० लोकवस्तीमागे एक उपकेंद्र धरलेलं आहे. गरोदर बाया, लसीकरण, कुटुंबनियोजन, औषधांचा साठा, सगळ्यांच्या नोंदी ठेवायच्या. वर त्यातलं बरंचसं संगणकावर चढवायचं. नेट असेल तेव्हा! एकच नाव दोन-तीनदा लिहिण्यात वेळ जातो, तो पेशंटच्याच वाट्याचा असतो.

मग लिहिणं बंदच करावं का? नाही. समजा, रात्री कळा सुरू झाल्या आणि १०८च्या गाडीने तुम्ही ग्रामीण रुग्णालयात पोचलात. तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९ निघालं. गरोदरपणात ११च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७च्या खाली म्हणजे फारच कमी. पण तुमचं साडेसातवरून गोळ्यांनी ९ वर आलंय, की ११ वरून घसरून ९ झालंय? एकट्या आकड्याला ते सांगता येत नाही. माता-बाल संरक्षण कार्डावरचे मागचे आकडे ते सांगतात. बीपीचंही तसंच. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर ते वाढलेलं धरतात. आधी किती होतं, कधीपासून वाढलं, हे कार्डावरूनच कळतं.

खरा घोळ होतो तो रकाना भरायचाच म्हणून भरला की. पानभर सगळ्या बायांचं बीपी १२०/८०! असं कुठे असतं का? माझ्या मते त्यापेक्षा रिकामा रकाना परवडला. तो बघून पुढचा डॉक्टर निदान विचारील तरी. खोट्या आकड्यावर मात्र तो विश्वास ठेवून बसेल.

म्हणून तपासणी झाली की विचारा, "सिस्टर, माझं किती आलं?" आकडा आपल्यासमोर कार्डावर लिहून घ्या. मोजलं नसेल तर मोजायला सांगा, भांडण नको. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. बाळंतपणाला माहेरी जाताना ते साडीच्या घडीत इथेच राहून जातं, तेवढं सांभाळा.

पोषण दिनाला गटातल्या दोघींनी रांग लावायला, नावं पुकारायला हात दिला तर सिस्टर आणि आशाताईंना तपासायला उसंत मिळते. दुसरीच्या नोंदी वाचायच्या मात्र नाहीत, त्यावर गावात बोलायचं तर मुळीच नाही.

आणि बीपीचं मशीनच बिघडलेलं असेल तर सिस्टरवर चिडून उपयोग नाही. गावच्या आरोग्य समितीच्या बैठकीत तो विषय मांडा आणि इतिवृत्तात लिहायला लावा.